अरुणाबाईंच्या दाताचा रंग

पहाडगंजच्या मराठी शाळेत अरुणाबाईंनी पहिलीचा वर्ग तीसएक वर्षं सांभाळला. दिल्लीत वाढलेली पोरं मराठी शब्दापाशी हमखास अडायची. ‘बाई, माझं ते... वो क्या कहते हैं...’ म्हणेपर्यंत बाई शब्द पुरवून मोकळ्या. ती सवय हाडात मुरली.

गेल्या वर्षी राजाभाऊंना अर्धांगाचा झटका आला. समजतं सगळं, पण शब्द जिभेवर येता येत नाही. तेव्हापासून नवऱ्याची वाक्यंही बाईच पुरी करतात. ‘पा...’ म्हटलं की पाण्याचा पेला हजर.

‘आणि पाय दुखत असला तर?’ बोलण्याचा सराव घेणारी सुखदा विचारायची. ‘त्यांना अडू द्या, बाई. नाहीतर आहे तेवढंही बोलणं जाईल.’

बाईंना पटायचं. पण अडले की राजाभाऊंच्या कपाळाची शीर तटतटून फुगायची, आणि ती काही बाईंना बघवत नसे.

त्यात बाईंच्या वरच्या दातातली जुनी चांदी निखळली. राजाभाऊंना घेऊन त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर संपदा त्यांचीच विद्यार्थिनी.

‘आता चांदी नको, बाई. दाताच्याच रंगाचं भरू या. फक्त थुंकी लागली तर ते धरत नाही. तेव्हा बिल्कुल बोलायचं नाही.’

‘अगं, मी आणि गप्प?’

दात कोरडा पडला की उगाच पांढरा दिसतो, म्हणून रंग आधी ठरवायचा. संपदानं बाईंचा ओठ बोटानं वर धरला, तोंड खिडकीकडे वळवलं आणि नमुन्याचे दोन दात शेजारी धरले.

‘काका, मी घोटाळ्यात पडलेय. कुठला घेऊ?’

राजाभाऊ स्टुलावरून उठून जवळ आले. खाली वाकले. ‘हा... नाही. हा दु... दु...’

बाईंच्या घशातून आवाज निघाला.

‘गप्प हं, बाई. वर्गाबाहेर उभं करीन.’

शीर फुगली. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. संपदाही थांबली.

‘दुधाचा... नको,’ राजाभाऊ म्हणाले. ‘तिचा... चहाचा.’

संपदानं पिवळसर नमुना ठेवून दुसरा ट्रेमध्ये टाकला. उघड्या तोंडानंच बाईंनी डोळे पुसले.

तासाभरानं दोघं ऑटोत बसले.

‘कहाँ चलना है, अंकल?’

‘मु... मु...’

‘मुखर्जी नगर?’

‘रुको भैया,’ बाई म्हणाल्या. ‘वो बता रहे हैं.’