टॅपेट आणि दोन बोटं

वर्ध्याच्या कापूस बाजारामागे, निंबाच्या सावलीत त्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. मी ढोरांचा डॉक्टर, गावोगाव मोटारसायकलवर फिरायचो. इंजिनाची टकटक वाढली की सकाळी, ते थंड असतानाच, गाडी त्याच्याकडे ढकलत न्यायचो. बोलताना तो माझ्या तोंडाकडे एकटक पाहायचा. मग टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या सळयांच्या जोडाचं, झाकण काढायचा, किक हातानं हळूच दाबायचा आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटले की आतली लांब सळई दोन बोटांत धरून डोळे मिटायचा. जणू झोपेतच कुणाची नाडी पाहतोय.

“फिरली पाह्यजे, डाक्टरसायब, पन वरखाली हालली नाई पाह्यजे.”

पान्याचा केसभर फेर, पुन्हा बोटं. निंबाचा मोहर त्याच्या केसांत पडत राहायचा. मलाही गुंगी यायची.

एकदा तो असाच डोळे मिटून बसला असताना शेजारच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला. मी दचकलो, झाडावरचे पोपट उडाले. त्याची पापणीही हलली नाही. डोळे उघडले तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होतो. मला कळलंय, हे तो समजला.

“कधीपासून?” मी ओठ नीट हलवत विचारलं.

“लढाईत तोफेपाशी होतो. आता बोटायलेच आयकू येते.” मग खाली बघत म्हणाला, “कोनाले सांगू नोका. बह्यऱ्यापाशी गाडी कोन आनते?”

पुढच्या आठवड्यात गावात आलेल्या नव्या ओव्हरसियरनं आपली मोटारसायकल दाखवत मला विचारलं, “इंजिनाचा आवाज ओळखणारा कोणी आहे का इथे?”

“आहे,” मी म्हणालो, आणि त्याला निंबाखाली घेऊन गेलो.