चार्जर माझ्याकडे होता

गेल्या रविवारी दुपारी आगाशीला, माझ्या माहेरी, एक जुना लॅपटॉप शंभर टक्के चार्ज झालेला दिसला. त्याचा एकमेव चार्जर त्या वेळी विरारला माझ्या कपाटात होता.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. अमक्या वाडीत दिवे आपोआप लागतात, अशी बातमी आली की मी एकच विचारायचे – वायरमनचं म्हणणं घेतलंय का? ते नसेल तर बातमी बाजूला. इथे मी वायरमनच्या पुढे जाऊन सगळं तपासलं आहे, म्हणून लिहिते.

लॅपटॉप मूळचा माझा. त्याच्यावर मी कित्येक वर्षं वर्तमानपत्राची पानं लावली. नवा घेतला तेव्हा हा आईला दिला, व्हिडिओ कॉलसाठी, आणि पासवर्ड घरात सांगून ठेवला. आई आगाशीला माझ्या धाकट्या भावाकडे, मिलिंदकडे राहायची. घराला लागून आमची सोनचाफ्याची आणि पानवेलींची वाडी आहे. मिलिंदची बायको विनया नालासोपाऱ्यात फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला पानवेल आणि मिरवेल यातला फरक कळत नव्हता. आईने तिला सगळं शिकवलं. शेवटच्या वर्षात आमच्याकडची हळदीची गाणीसुद्धा शिकवली आणि ती त्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली. मला ती गाणी येत नाहीत. आईने शिकवली नाहीत असं मी म्हणते, तू कधी बसलीस का, असं मिलिंद म्हणतो.

आई गेल्यावर मी लॅपटॉप विरारला आणला. माझ्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं होतं. हळदीला आजीचा आवाज लावायचा आणि तो मी लावायचा, असं माझ्या मनात होतं.

घरी चार्जर लावला. स्क्रीनवर खाली अक्षरं आली – प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. सात टक्के.

पहिल्यांदा मी भिंतीवरचा पॉइंट बदलला, मग खोली बदलली. पिन स्पिरिटने पुसली. बॅटरी काढून, पॉवरचं बटण दाबून धरून पुन्हा बसवली. बॅटरीचा ड्रायव्हर उडवून नवा टाकला. एकेक उपाय करून पाहिला. अक्षरं तीच. संध्याकाळपर्यंत ते सात टक्केही संपले आणि लॅपटॉप बंद पडला.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने तो दोन दिवस ठेवून घेतला. त्याने मीटर लावून चार्जर तपासला, पिनची सोल्डरिंग पाहिली, दुसरी बॅटरी घालून पाहिली. चार्ज काही झाला नाही.

"मॅडम, करंट बरोबर येतोय, बोर्ड ठीक, बॅटरी म्हातारी हाय पण जिवंत," तो म्हणाला. "पेशंटला काय झालेलंच नाय. पण जेवत नाय त्याला मी काय करू?"

"म्हणजे दोष कुठे आहे?"

"दोष असता तर पैसे नसते घेतले का? घेऊन जा."

पुढच्या रविवारी मी तो आगाशीला घेऊन गेले. ओटीवरच्या ज्या पॉइंटला आई लावायची, त्याच पॉइंटला लावला. चार्जिंगचा दिवासुद्धा लागला नाही. तेवढ्यात विनया वाडीतून आली. ओच्यात चाफ्याची फुलं होती.

"ताई, बघू द्या जरा," ती म्हणाली. हात पदराला पुसले, पिन काढली, परत घातली.

नारिंगी दिवा लागला. चार्जिंग.

मी पिन काढून स्वतः घातली, दिवा गेला. तिने घातली की आला. मी तिचा हात नीट पाहिला – ती पिन फिरवत नव्हती, दाबत नव्हती. मग मी तिला पिन घालायला लावून वाडीच्या टोकाला पाठवलं. ती वाटेतल्या आंब्याच्या झाडापर्यंत पोचायच्या आत दिवा गेला. परत आली, ओटीची पायरी चढली, आणि दिवा लागला. हे मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "ताई, भात लागेल हो चुलीवर."

मिलिंद झोपाळ्यावर बसून हसत होता. "ताई, तुझा हातच जड. माझ्या भोवऱ्याची आर पण तूच मोडायचीस."

"ताई, पेनड्राइव्ह आणलाय का?" विनयाने विचारलं. "गाणी कॉपी करून देते ना. मग कसलं टेन्शन नाय."

"नको. लॅपटॉप माझा आहे. मी करीन."

ती आत भाताकडे गेली. मी चार्जर काढून लॅपटॉप बॅगेत भरला. विरारला पोचले तेव्हा तो पुन्हा बंद होता.

बातमीत भावना लिहायच्या नसतात. पण इथे त्या वस्तुस्थितीचा भाग आहेत, म्हणून लिहिते – मला विनयाचा मत्सर वाटत होता. माझ्या आईचा आवाज, माझ्या लॅपटॉपमध्ये, माझ्या पासवर्डखाली. आणि तो ऐकायला तिचा हात लागत होता.

सायलीची हळद आजोळीच व्हावी असं ठरलं. त्या सकाळी मी लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आगाशीला नेले. अंगणात मांडव होता. घरातल्या आणि शेजारच्या बायका जमल्या होत्या. मी विनयाकडे लॅपटॉप दिला. तिने पिन घातली. दिवा लागला. पासवर्ड मी टाकला.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्याआधी आईचा आवाज आला – "विनया, वीज हाय ना गो त्याला?"

बायका हसल्या. बॅटरी मधेच संपेल आणि गाणं तुटेल ही आईला धास्ती असायची. प्रत्येक गाण्याआधी ती हेच विचारायची. रेकॉर्डिंगमध्ये त्यावर विनयाचं उत्तर होतं – "हो आई." मांडवात सायलीच्या शेजारी उभी असलेली विनयाही त्याच वेळी, हातातली हळदीची वाटी सांभाळत, म्हणून गेली – "हो आई."

बायका तिच्याकडे वळल्या. मग आई गायला लागली आणि विनयाने तिच्याबरोबर सूर धरला. बाकीच्या बायका मागून म्हणू लागल्या. सायली रडत होती, हसत होती. तिने विनयाचा हात धरला होता. मी दुसऱ्या बाजूला उभी होते. मला शब्द येत नव्हते.

लग्न पार पडलं. पाहुणे गेल्यावर मी आगाशीच्या ओटीवरून चार्जर काढला, वायर गुंडाळली, रबरबँड लावला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. लॅपटॉप तिथेच राहू दिला. त्याला जुन्या पद्धतीची जाड पिन लागते, मधे सुईसारखा काटा असलेली. फोनचा चार्जर त्याला चालत नाही.

दोन दिवसांनी विनयाचा फोन आला. "ताई, चार्जर चुकून तुमच्या सामानात आलाय का हो?"

"बघते," मी म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. मागून आईचा आवाज ऐकू येत होता.

"काय लावलंय?" मी विचारलं.

"हिने गाणी लावलीत. फुलं निवडताना रोज लावते."

"रोज? कशावर?"

"तुझ्या त्या डबड्यावर."

मी त्याला फोन लॅपटॉपजवळ न्यायला सांगितलं. ओटीवर चटई होती, तिच्यावर चाफ्याचा ढीग, पलीकडे लॅपटॉप. मी चारही बाजू दाखवायला लावल्या. पिनेचं भोक रिकामं होतं. भिंतीवरच्या पॉइंटला काही नव्हतं. स्क्रीनवर खाली कोपऱ्यात बॅटरीचा आकडा होता – शंभर.

"विनया, दुसरा चार्जर आणलास का?"

"नाय हो ताई," ती फुलं निवडता निवडता म्हणाली. "चार्जर तुमच्याकडेच हाय ना?"

तेवढ्यात लॅपटॉपमधून पुढचं रेकॉर्डिंग सुरू झालं. आईने विचारलं, वीज हाय ना गो त्याला? विनयाने मान वर न करता सांगितलं, "हो आई."

मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. साड्यांच्या खाली, ठेवला होता तिथेच चार्जर होता. वायर गुंडाळलेली, रबरबँड तसाच, पिन मोकळी. कपाटात वीज नाही, जवळच्या भिंतीत पॉइंटही नाही. मी तो उचलला.

चार्जर गरम होता.