उस्तादांच्या कापडाची पट्टी

गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा आमच्या झैदच्या अब्बांनी कधी ठेवून घेतली नाही. कातरणाचं गाठोडं बांधायचं आणि शिवलेल्या कपड्याबरोबर परत द्यायचं. इथे आखातात, अब्बासियातले बाकीचे शिंपी हसायचे. पण सुदानी लोक त्याच भरवशावर त्यांचे पांढरे, घोळदार झगे शिवायला आमच्याकडे यायचे. खार्टूमचे मास्तर, उस्ताद अब्दुर्रहीम, तर ईदला ओळखीतल्या सगळ्यांचं काम आणून टाकायचे. आमचं दुकान चालायचं ते त्यांच्यावरच.

दोन हजार अकराच्या जुलैत त्यांचा देश दुभंगला. दक्षिण सुदान उद्या स्वतंत्र होणार, आणि आज शुक्रवारी दुपारी न्यांडेंगचा झेंडा अर्धवट! न्यांडेंग दक्षिणेकडची, जाब्रियाच्या एका दवाखान्यात साफसफाई करायची. संध्याकाळी तिची माणसं जमणार होती. काळा, लाल, हिरवा पट्टा तयार होता, पण मधल्या एका बारीक पट्टीला पांढरं कापड कमी पडलं. जुम्म्याची सुट्टी, कापडाची दुकानं बंद.

यांचा हात उस्तादांच्या कातरणाकडे गेला.

"अहो, ते नको!" मी ओरडले. "उत्तरेतला माणूस तो. त्यांचा भाऊ गेलाय दक्षिणेशी लढताना."

"दोन बोटं पट्टी आहे, आफिया. कुणाला कळतंय?"

म्हटलं, करा काय ते. माझं ऐकलंय कधी?

पट्टी शिवून होते न होते तोच उस्ताद कपडे न्यायला दारात हजर. मी झेंड्यावर चादर टाकायला धावले, पण त्यांनी पाहिलंच. जवळ येऊन पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. कापड त्यांनी स्वतः निवडलेलं, वीण लगेच ओळखली.

"हे माझं?"

यांना खोटं बोलवेना. "हो, उस्ताद. आत्ता उसवतो." यांनी ब्लेड उचललं. नेमकी तेव्हाच न्यांडेंग आत आली आणि झेंड्यावर ब्लेड बघून किंचाळली, "काय करतोस?"

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे. तिला दे."

"मेहेरबानी, उस्ताद."

"मेहेरबानी कसली? मागितलं असतंस तर मी दिलं नसतं. पण तू विचारलंसुद्धा नाहीस, यूसुफ."

शिवलेले कपडे घेतले, ईदच्या कामाचे न कापलेले तागे उचलले आणि ते चालू लागले. कातरणाचं गाठोडं घेऊन हे मागे धावले, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

न्यांडेंग झेंडा छातीशी धरून रडत, हसत गेली. जाऊ दे बाई, तिचा देश झाला. पण त्या ईदला एकही सुदानी आमच्याकडे फिरकला नाही, त्याचा राग मी कुणावर काढू? आता आम्ही पँटी आखूड करतो, चेन बदलून देतो.

गाठोडं अजून फळीवर आहे. परवा मशीन पुसायला मी त्यातली चिंधी ओढली, तर हे केवढ्यानं ओरडले!

"ठेव ती! विचारलंस का उस्तादांना?"