मी मागितली नाही ती माफी

“स्क्वेमस सेल कार्सिनोमा,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे जिभेच्या वरच्या थराचा कॅन्सर. “जिभेची एक बाजू काढावी लागेल.”

मी इथे उत्तरेत, ब्रह्मा घाटाजवळच्या पाठशाळेत संस्कृत शिकवतो. तंबाखूचं पान तीस वर्षं खाल्लं. तो दोष माझाच. पण जिभेवरचा व्रण घेऊन मी सरकारी दवाखान्यात तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळाल्या. चार महिने असेच गेले.

ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक. तोंड आतून सोलून निघालं. सहा आठवडे नळीतून पेज.

वर्षभराने तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीसाठी फिल्म करणारे घरी आले. इतरांना उपयोग होईल म्हणून मी हो म्हटलं. दवाखान्याच्या त्या तीन खेपांसकट सगळं सांगितलं.

“गुरुजी, थोड़ा इमोशन चाहिए,” दिग्दर्शक म्हणाला. मग माझ्या बायकोकडे, सुधाकडे वळला. “माताजी, आप ज़रा रो देंगी?”

“रो चुके, भैया,” सुधा म्हणाली. “अब इनकी बात सुनिए.”

त्याने मला श्लोक म्हणायला लावला. ट, ठ, ड जिभेवर येईनात. विद्यार्थी दारात उभे होते. शरमेने माझे डोळे भरले.

फिल्ममध्ये तेवढंच राहिलं. मागे बासरी, आणि माझ्या डोळ्यांखाली अक्षरं: ‘मुझे माफ़ करना, बेटी.’ मी असं कधीच म्हटलं नव्हतं. दवाखान्याचा तर उल्लेखही नाही. मुलगी मुक्ता पुण्याहून फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही माझी माफी कशाला मागताय?”

मग एका संध्याकाळी गल्लीतला नाववाला रामधनी आला. त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा होता.

“कब से है?”

“दू महीना. आपका फिलिम देखे, त डर के मारे घर बैठ गए.”

माझ्या रडण्याने त्याला घाबरवलं होतं. जायचं कुठे, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

ते मी सांगतो. तोंडातला व्रण किंवा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर गोळ्या घेऊन परतू नका. मोठ्या रुग्णालयात जा, बायोप्सी मागा, म्हणजे तुकडा काढून तपासणी. पान खात होतात म्हणून लाजू नका.

दुसऱ्या सकाळी मी रामधनीबरोबर ओपीडीच्या रांगेत उभा राहिलो. तुमच्यासोबत कोणी नसेल तर एकटे जा. पण जा.