विभूतीच्या डबीतली गोळी

मुक्ता कठड्याच्या पलीकडं उभी होती. कपिलधारच्या धबधब्यासमोरचा तो लोखंडी कठडा तिनं कधी ओलांडला ते मी पाहिलं नाही, मी पिशवीतून नारळ काढत होते. श्रावणातला सोमवार, पाणी भरपूर, खालचे दगड शेवाळलेले, आणि आमची आठ वर्षांची नात एका हातानं गज धरून दुसऱ्या हातानं उडता निळा किडा पकडायला वाकलेली. मी नारळ टाकून उठले. माझ्याआधी महानंदा निघाली. गुडघ्यांमुळं ती घराची पायरीसुद्धा भिंतीला धरून चढायची, पण त्या वेळी चपला टाकून धावली आणि कठड्यावर पोटानं पडून तिनं मुक्ताची वेणी धरली. तेवढ्यात पोरीचा पाय घसरला. थोडा वेळ ती वेणीवर आणि झग्याच्या गळ्यावर लोंबकळत होती... मग दोन बापे धावत आले आणि दोघींना मागं ओढलं. महानंदाचं मनगट गजात अडकून मोडलं. मुक्ता उभी राहिली, डोकं चोळलं आणि म्हणाली, “आज्जी, वेणी कावून वढली? तुझ्यामुळं उडून गेला ना त्यो!”

महानंदा ओल्या फरशीवर बसली होती. मोडका हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत म्हणाली, “इनबाई, आज गोळी दिली न्हाई मी हिला.”

महानंदा गेल्या महिन्यात गेली. ती माझी विहीण. आमच्याकडं इनबाई म्हणतात. तिची लेक सुनंदा माझ्या मुलाला दिलेली. चौसाळ्यात महानंदाचं किराणा आणि जडीबुटीचं दुकान. नवरा गेल्यावर ते तिनंच चालवलं. आम्ही मळ्यात राहतो, दुकानापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळं मुक्ताला मी मळ्यातली आज्जी आणि ती दुकानातली आज्जी. सुनंदा नोकरीला रोज सकाळी बसनं बीडला जायची, म्हणून पोर उठायची आमच्या घरी आणि न्याहारी करायची महानंदाकडं. मी चौथी शिकलेली, महानंदा सातवी. हे ती मला दर आठवड्याला ऐकवायची.

मुक्ता चालायला लागली तेव्हाच धावायला लागली. जेवताना दोन घास झाले की उठायची, शाळेत बाकावरून खाली, खालून खिडकीत. बाई सांगत असल्या की मधेच उत्तर द्यायची, तेही भलत्याच प्रश्नाचं. कुणी चिडवलं की दगड उचलायची आणि दगड सुटल्यावर स्वतःच रडायची. मठ्ठ नव्हती. दुकानातल्या सगळ्या बरण्यांत काय काय आहे ते तिला तोंडपाठ होतं. पण शाळेनं सांगितलं, असंच चाललं तर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. सुनंदा रडली. मी म्हणाले, दोन फटके द्या. फटके देऊन झाले होते, उपयोग नव्हता.

महानंदाचं म्हणणं, उष्णता डोक्यात चढलीय. तिनं ब्राह्मी सुरू केली, शंखपुष्पी झाली, टाळूला तूप झालं. मग कुणीतरी शिरूर कासारकडचा एक माणूस सांगितला, तो उतारा करायचा. आम्ही तिघी गेलो. त्यानं डोळे मिटून मुक्ताच्या डोक्यावरून लिंबू फिरवलं. डोळे उघडले तर हातात लिंबू नाही. ते मुक्तानं अर्धं चावून खाल्लं होतं आणि त्याला विचारत होती, “मीठ हाय का?” परतीच्या गाडीत महानंदा इतकी हसली, इतकी हसली, की पुढच्या बाकावरच्या बाईनं तिला पाणी दिलं. “इनबाई, उतारा पोटात गेला, आता उतरंल कुठून?” एवढंच म्हणायची आणि पुन्हा सुरू. तिचं हे मला आवडायचं. फसली की स्वतःला आधी हसायची.

शेवटी सुनंदानं बीडला मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं दोन-तीन खेपा नुसतं बघितलं, विचारलं, शाळेच्या बाईंशी बोलला. मग सांगितलं की लक्ष एका जागी न ठरणं हा आजार असतो, पोरीचा दोष नाही, आईबापाचाही नाही. रोज सकाळी न्याहारीनंतर एक कॅप्सूल. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष झाले. मी गोळीच्या बाजूनं. मला काही कळत होतं म्हणून नाही, पोर रस्त्यावर धावत सुटायची आणि आमचा रस्ता म्हणजे हायवे, म्हणून. महानंदा विरोधात. “हुशार लेकराला गुंगी देऊन बसवायचं? उद्या तुमच्या शेळीलाबी द्या एक, लई उड्या मारती.”

तिचं सगळंच चूक होतं असं नाही. पहिल्या आठवड्यात मुक्ताची भूक मेली. भाकरी पुढं ठेवली की नुसती बघायची. गप्प गप्प झाली. शाळेतून चांगला निरोप आला, वहीत अक्षर पहिल्यांदा ओळीवर आलं, पण महानंदा मला दुकानाच्या मागं नेऊन म्हणाली, “इनबाई, अक्षर आलं... पर माझी मुक्ता कुठं गेली?” मी म्हणाले, “जिवंत हाय, एवढं बघा.” डॉक्टर म्हणत होता की थोडे दिवस थांबा, मात्रा जमवावी लागते. हळूहळू भूक संध्याकाळी परत आली, हसूही आलं. तरी महानंदाचं मन गोळीवर बसलं नाही ते नाहीच.

त्यात श्रावण लागला. दुकानात एका गिऱ्हाइकानं सांगितलं की कॅप्सूलचं वरचं टरफल जनावराच्या हाडकातड्यापासून करतात. आम्ही शंकराची माणसं, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नाही. महानंदा पूजा झाल्याशिवाय चहा घेत नसे. तिनं मनाशी ठरवलं, श्रावणी सोमवारी लेकराच्या पोटात हे जाऊ द्यायचं नाही. कुणाला सांगितलं नाही. त्या सकाळी गोळी द्यायची पाळी तिची होती, तिनं कॅप्सूलच्या ऐवजी मधात कालवलेलं चूर्ण दिलं आणि आम्ही कपिलधारला गेलो. पुढचं वर सांगितलंच आहे. शेवाळाला कुठला वार कळतोय.

दुसरी कुणी असती तर लपवलं असतं. महानंदानं घरी आल्या आल्या सुनंदाला सांगितलं, जावयाला सांगितलं, आणि प्लास्टर वाळायच्या आत मला म्हणाली, “चला इनबाई, त्या डॉक्टरला भेटायचंय.” एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत दुकानातल्या बरण्या. डॉक्टरच्या टेबलावर तिनं बरण्या मांडल्या तेव्हा त्याला वाटलं आम्ही काही विकायला आलो.

“हे सगळं मी मुक्ताला देत होते,” महानंदा म्हणाली. “आता तुमी सांगा, ह्यातलं काय बरं अन् काय वाईट.”

डॉक्टर तरुण होता, पण ओरडला नाही. एकेक बरणी उघडून वास घेतला. म्हणाला, “आजी, खरं सांगू? ह्यातल्या बऱ्याच गोष्टी गोळीबरोबर पोटात गेल्या तर काय होतं हे मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून बंद. आणि ह्या तयार पुडीत काय आहे ते तर तुम्हालाही ठाऊक नाही.”

“न्हाई,” महानंदा म्हणाली. “ती बाहेरून येती.”

“मग ती सगळ्यात आधी बंद.”

“केली. पर तुमचं ते हाडाचं टरफल?”

त्याला आधी कळेना. कळल्यावर तो म्हणाला, “एवढंच होतं तर आधी का नाही विचारलं? साधी गोळी देता येते, टरफल नसलेली.” महानंदानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. हसू आवरत नव्हतं.

मग त्यानं विचारलं, “गोळी सोडून घरी तिच्यासाठी आणखी काय करता?” महानंदा म्हणाली, काही नाही, दुकानात बसवते. ओवा निवडायला देते, ओवा झाला की बडीशेप. एका वेळी एकच सूप पुढं ठेवते. झालं की शाबासकी आणि खडीसाखर, मग एक चक्कर अंगणात मारून ये, मग पुढचं सूप. डॉक्टर म्हणाला, “हे सोडू नका. नुसत्या गोळीनं सवयी लागत नाहीत. गोळी आणि हे, दोन्ही पाहिजे.”

बाहेर आल्यावर महानंदा रस्त्यातच थांबली. “ऐकलं का? निम्मं माझं बरोबर.”

“अन् निम्मं?” मी विचारलं.

तिनं प्लास्टर वर केलं. “हे काय, गळ्यात बांधून फिरतीया की.”

त्यानंतर गोळी तिनंच आपल्या हातात घेतली. आम्ही कुणी द्यायची नाही, असं बजावलं. सकाळी पूजा झाली की पितळी विभूतीची डबी उघडायची, स्वतःच्या कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढायचे, मग मुक्ताच्या. डबीच्या झाकणात त्या दिवसाची गोळी काढून ठेवायची. न्याहारी पुरी झाली की झाकण पुढं करायची. गोळीला कुंकू लावायचंच बाकी ठेवलं होतं. मी चेष्टा केली तर म्हणाली, “कुठंबी ठेवली तर इसरन मी. डबी इसरन का?” मनगट वाकडंच बसलं. त्याच वाकड्या हातानं ती झाकण धरायची.

पुढं डॉक्टरनं मात्रा कमी केली, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही दिवस बंद ठेवून बघितली, पुन्हा सुरू केली. मुक्ता आता हायस्कूलला आहे. पहिला नंबर नाही. बडबड आहे, विसराळूपणा आहे, छत्री दर पावसाळ्यात नवी लागते. पण दगड उचलत नाही, आणि रस्ता ओलांडताना थांबते.

महानंदा दुपारी जेवून पडली ती उठली नाही. कुणाकडून करून घेतलं नाही, बरं झालं. आमच्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. गुडघ्यांमुळं तिला कितीतरी वर्षं मांडी घालता आली नव्हती... शेवटी बसली. माती देताना मुक्ता माझ्याशेजारी उभी होती. सगळं होईपर्यंत जागची हलली नाही. घरी आल्यावर मात्र अंगणात धावत चकरा मारल्या. कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानामागच्या खोलीत गेले. गोळीचं आज कोण बघणार, हे माझ्या डोक्यात होतं. देवापुढं विभूतीची डबी उघडी होती. मुक्ताच्या कपाळाला तीन पट्टे, जरा तिरके. ताटलीत उपम्याचे चार कण. झाकण रिकामं.

“घेतली का गं?” मी विचारलं.

“घेतली की. आधी खाल्लं, मग घेतली. आज्जी, तू न्हाई खाल्लंस आजून, बस.”

मी बसले. तिनं स्वतःच केलेल्या उपम्यात मीठ नव्हतं. तरी खाल्ला.

त्या सोमवारी कपिलधारला आम्ही तिघी गेलो होतो, आणि तिघी परत आलो. आता मुक्ता आहे आणि मी आहे.