राक्षसाच्या पाठीवरची चेन

कचेरीच्या आवारात, निंबाखाली, माझ्या शेजारी बसणारे टंकलेखक शिंदे आज मोबाईलवर परग्रहावरील राक्षसाचा एक जुना, स्वस्तातला चित्रपट पाहून खदाखदा हसत होते.

“अहो अर्जनवीस, बघा की! राक्षसाच्या पाठीवर पोशाखाची चेन दिसतेय!”

हातातला अर्ज बाजूला ठेवून मी त्यांना खडसावले, “चेन कोणालाही दिसते, शिंदे. त्याला अक्कल लागत नाही.”

सदर हसण्याची मला मनस्वी चीड आहे. आमच्या जत्रेतल्या तंबूत पडदा मधोमध असे. अलीकडे पुरुष बसत, पलीकडे बायका. पलीकडच्यांना चित्र उलटे दिसे, तरी कोणाची तक्रार नसे. असाच एक रबरी राक्षस नायकाच्या पाठीमागून आला, तेव्हा पडद्यापलीकडून माझी धाकटी बहीण कुसुम किंचाळली, “दादा, मागं बघ!” हाक नायकाला नव्हती, मला होती. सारा तंबू हसला.

हल्लीचे राक्षस बिनचूक असतात. ते अख्खी शहरे गिळतात आणि प्रेक्षक निवांत लाह्या चघळतात. असला बिनचूकपणा काय जाळायचा आहे? त्या गरीब राक्षसाला आमच्या भीतीवाचून उभेही राहता येत नसे, म्हणून आम्ही ती मनापासून देत असू.

कुसुम जाऊन वर्षे लोटली. मला मागे बघ म्हणणारे आता कोणी नाही.

“म्हणजे तुम्हाला तेव्हा चेन दिसलीच नव्हती?” तंबूची ही हकिकत माझ्या तोंडून ऐकूनही शिंदे अजून हसतच होते.

“दिसली होती,” मी म्हणालो. “तरीही मी मागे वळून पाहिले होते.”