फिंटनचं औक्षण

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावच्या त्या फॅमिली रेस्टॉरंटात लोक जेवायला कमी, फिंटनला बघायला जास्त जात. फिंटन म्हणजे बँजो वाजवणारं यांत्रिक अस्वल, आणि त्याचा कर्ताकरविता चंद्रहास. पुण्याहून शिकायला आलेला हा गडी अस्वलाच्या पोटातल्या मोटर दुरुस्त करता करता तिथंच चिकटला. मराठी मुलाचा वाढदिवस असला की फिंटन हातात तबक घेई आणि बॅटरीच्या निरांजनाने तीनदा ओवाळी. थेट दोन तासांवरच्या कासलबारहून मराठी डॉक्टरमंडळी पोरं घेऊन येत. चंद्रहासची कॉलर तेव्हा ताठ असे.

मग मालकीणबाईंनी नव्याने ठेवलेल्या शैलेंद्र नावाच्या तंत्रज्ञाकडून भिंतभर खेळांचा स्क्रीन लावून घेतला. पोरं फिंटनकडे पाठ करून स्क्रीनसमोर उड्या मारू लागली. फिंटनचा जोडीदार, ढोलवाला बोकड, सुट्या भागांसाठी मोडला गेला. चंद्रहासचा नुसता जळफळाट झाला. शैलेंद्र माणूस भला होता, हे त्याला जास्त खुपे.

चंद्रहासच्या लेकीचा, गिरिजाचा सातवा वाढदिवस रविवारी होता. मालकीणबाईंनी बजावलं होतं, त्या दिवशी पोरं रमली तर अस्वल राहील, नाहीतर सोमवारी भंगारात.

“बाबा, शैलेंद्रकाकाज स्क्रीन इज वे बेटर,” गिरिजा सकाळीच म्हणाली. चंद्रहासने चहा अर्धाच टाकला.

पार्टी ऐन रंगात आली तेव्हा त्याने गुपचूप स्क्रीनचा प्लग काढला. पोरं हिरमुसली आणि नाइलाजाने फिंटनकडे वळली. चंद्रहासने बटण दाबलं. तबक एकदा फिरलं, दुसऱ्यांदा अर्ध्यावर गेलं आणि कोपर अडकलं. महिनाभर शैलेंद्रच्या चुका हुडकण्यात त्या कोपराला तेल घालायचं राहून गेलं होतं.

“अरे, ओवाळणं अर्धवट नको राहायला,” म्हणत शैलेंद्र धावला. बंद पडलेल्या स्क्रीनकडे त्याने बघितलंही नाही. खालून कोपर धरून त्याने उरलेले फेरे हळूहळू पूर्ण केले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

जो ओवाळतो त्याच्या पाया पडायचं, हे चंद्रहासनेच लेकीला शिकवलं होतं. गिरिजा वाकली आणि तिने शैलेंद्रला नमस्कार केला.

चंद्रहास भिंतीशी गेला आणि त्याने प्लग परत लावला.